पाटीवरची वेळ

सांडोरच्या आमच्या घरात दाराच्या आतल्या बाजूला एक दगडी पाटी टांगलेली असे. बाहेर पडणाऱ्याने तिच्यावर दोनच गोष्टी लिहायच्या: कुठे चाललो आणि किती वाजता परत येणार. नियम बाबांचा. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, पण पाटीचा शाळेशी संबंध नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना घराला लागून असलेल्या वाडीतल्या बावखलात बुडाला. बावखल म्हणजे केळीला पाणी द्यायला खणलेलं तळं, कठडा नसलेलं. तो कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून गाव त्याला देवळात आणि बाजारात शोधत राहिलं.

आईला लिहिता येत नसे. बाजाराला जाताना ती पाटीवर मासा काढायची आणि खाली जितके तास लागतील तितक्या रेघा. बाबा शिकवायला बसले की म्हणायची, "दिवसभर पोरांना शिकवता ते पुरे नाही का?"

मी सहा लिहून सव्वासहाला आले तर बाबा फाटकात उभे असत. ओरडत नसत. चेहरा मात्र पांढराफटक. मला छडीपेक्षा त्या चेहऱ्याची भीती वाटे. मुख्याध्यापकपद त्यांनी दोनदा नाकारलं, कारण बदली लांब होती आणि आईला दमा होता. शेवटची चार वर्षं तिला आंघोळही त्यांनीच घातली. दर मे महिन्यात गावातल्या पोरांच्या पाठीला सुक्या नारळांची जोडी बांधून ते त्यांना त्याच बावखलात पोहायला शिकवत. स्वतः काठावर बसून पोरं मोजत.

आई गेल्यावर बोळिंजचा फ्लॅट भाड्याने देऊन मी आणि नवरा बाबांकडे राहायला आलो. तोवर सगळ्यांकडे मोबाइल होते. पाटी वापरणारे एकटे बाबाच उरले. 'अंगण, पाच मिनिटं' हेसुद्धा ते लिहीत. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांना जेवलो की नाही हे आठवत नसे, पण पाटी चुकत नसे.

त्या दिवशी पंपाची मोटर बंद पडली होती. नवरा कामावर गेलेला. दुरुस्तीवाल्याने फोनवर दुसऱ्या माणसाचा नंबर सांगितला, कागद सापडेना, म्हणून मी पाटीवर ओला हात फिरवला आणि नंबर लिहून घेतला. पाटीवर काहीतरी होतं. ते वाचलं नाही.

अकराला चहा घेऊन गेले तर बाबा खोलीत नव्हते. अंगणात नव्हते. देवळात नव्हते. मोबाइल उशीखाली.

शेजारच्या काकी धावत आल्या. "अगं, पाटीवर काय लिहिलंय?"

"काही नाही," मी म्हटलं. पुसलं असं सांगायची हिंमत झाली नाही.

काकींनी मला दंडाला धरलं. "मास्तरांनी पाटी कोरी ठेवली? मग बाई, आधी पाण्यात बघा."

हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आमच्या घराला ओळखणारा कोणीही कोऱ्या पाटीचा दुसरा अर्थ लावणार नव्हता. दहा मिनिटांत माणसं बावखलाकडे धावली. बांबू आले. बाबांचा एक जुना विद्यार्थी, आता नातवंडांचा आजोबा, शर्ट काढून पाण्यात उतरला. तो बुडी मारून वर यायचा तेव्हा मी आधी त्याचे हात बघायचे. रिकामे असले की श्वास घ्यायचे. तरीही खरं सांगितलं नाही, कारण आता मलाही वाटायला लागलं होतं की ते पाण्यातच आहेत.

साडेतीनला बाबा फाटकातून चालत आले. धोतर घोट्यापर्यंत ओलं, चपलांना वाळू.

"इतकी माणसं का जमलीत?"

विद्यार्थी पाण्यातूनच ओरडला, "मास्तर, साठी उलटली माझी, तरी उघडा करून पाण्यात उतरवलंत!"

"पाय मारत राहा, गाढवा. नाहीतर बुडशील."

सगळे हसले. मी विचारलं, "बाबा, कुठे गेला होतात?"

"पाटीवर लिहिलंय," म्हणत ते घरात गेले. मी मागोमाग. त्यांनी पाटी वाचली. मोटरवाल्याचा नंबर, एकेक आकडा, मोठ्याने. मग माझ्याकडे वळले. चेहरा तोच, फाटकातला, पांढराफटक.

"मी कुठे गेलो होतो गं?"

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं आमच्यासाठी असलेलं ते लिहिणं आता त्यांच्यासाठी होतं. मी हात फिरवला आणि त्यांचे ते तास गेले. वाळू राजोडीच्या समुद्रकिनाऱ्याची असावी. कोणाला भेटले, कशासाठी गेले, शेवटपर्यंत समजलं नाही. पाटी मीच पुसली होती, हे त्यांना सांगितलं. काकींना आजही सांगितलेलं नाही.

दीड वर्षाने त्यांना पहाटे धाप लागली. अँब्युलन्सवाले त्यांना स्ट्रेचरवरून दाराबाहेर काढत होते, तेव्हा त्यांनी चौकट घट्ट धरली. बोलता येत नव्हतं. डोळे पाटीवर. मी खडू घेतला आणि 'दवाखाना' लिहिलं. वेळ लिहायला हात उचलेना. अँब्युलन्सवाला म्हणाला, "ताई, उशीर होतोय." बाबांनी चौकट सोडली नव्हती.

'संध्याकाळी सहा' असं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि हात सोडला.

आम्ही त्यांना चार वाजता घरी आणलं, पांढऱ्या चादरीत.