रोहिणखेडचा उक्ता सौदा

जगात वस्तू विकत घेणारी माणसं पुष्कळ असतात, पण ढीग विकत घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमचे साडू मलकापूरला कापसाचे दलाल होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस ओढून दोन बोटांत त्याचा धागा ताणायचा आणि डोळे मिटून भाव सांगायचा, हा त्यांचा धंदा. एवढ्यावर ते थांबले असते तर माझी मेव्हणी सुखी झाली असती. पण त्यांना कॉमिकचा नाद होता. त्या काळी मोठ्या माणसाने चित्रांची पुस्तकं वाचणं म्हणजे मिशा फुटल्यावर अंगठा चोखण्यासारखं समजलं जाई. साडूंना त्याची लाज नव्हती. कानात अत्तराचा फाया आणि काखेत घोड्यावर बसलेला राजपुत्र, अशा थाटात ते कापूसबाजारात हिंडत. कोणी हसलंच तर शांतपणे म्हणत, "तुमच्या पेपरातले राजे तरी कुठं खरे असतात?"

एकेक सुटं पुस्तक घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. आमच्याकडे संत्र्याचा बगीचा झाडावर असतानाच, फळं न मोजता, आहे तसा घेतात, त्याला उक्तं घेणं म्हणतात. साडू कॉमिकही उक्तीच घेत. कुणाची मुलं मोठी झाली, कुणाचं वाचनालय बसलं, कुणाची बदली झाली, की साडू तिथे हजर. उक्त्या सौद्यात निवडानिवड करायची नाही आणि आलेलं परत द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. आता कापूस विकणारा जसा गाडीच्या वरच्या थराला चांगला माल लावतो, तशीच युक्ती पुस्तकं विकणाऱ्यांनाही सुचते. वडनेर भोलजीच्या एका गृहस्थांनी पेटीच्या वरच्या दोन थरांत कॉमिक लावली होती आणि खाली जुनी पंचांगं, खताच्या जाहिराती आणि स्वतःच्या लग्नाच्या मुलीची पत्रिका. चुकून आली असेल, परत करा, असं मी म्हटलं. साडू म्हणाले, "उक्त्यात आली ना? मंग ते आपली जबाबदारी." पुढचा सगळा हंगाम ते कापूस सोडून स्थळं पाहत फिरले, आणि खरोखरच त्या मुलीचं लग्न जमवून जेवून आले.

ढीग घेणं एक वेळ सोपं, तो घरात ठेवणं अवघड. डाळीच्या कोठीत डाळीऐवजी कॉमिक निघत. पलंगाखाली कॉमिक, देवघराच्या फळीवर कॉमिक, आणि वाळवी लागू नये म्हणून सगळीकडे कडुनिंबाचा पाला, त्यामुळे त्यांच्या घरचा चहासुद्धा कडवट लागे. पाहुण्याला बसायला जागा नसे आणि ढिगावर बसायला परवानगी नसे. मेव्हणी मला एकदा म्हणाली, "भाऊजी, यायनं सवत आणली असती तं थे एका खोलीत तरी राह्यली असती." साडू आतून सगळं ऐकत होते. त्यांनी फक्त पान उलटलं.

अशा माणसाला रोहिणखेडच्या ढिगाची बातमी लागली, तेव्हा त्याची झोप उडाली यात नवल नाही. तिथे एक म्हातारे मुसलमान कापड दुकानदार होते, गावचे चाचा. त्यांच्या घरी म्हणे पहिल्या अंकापासूनची हिंदी कॉमिक होती, एकही अंक न गळता. साडूंच्या घरातले सगळे ढीग एकत्र केले तरी मध्ये भगदाडं होती. गोष्ट ऐन लढाईत यायची आणि पुढचा अंक नसायचा. त्यामुळे कित्येक राजपुत्र त्यांच्या घरी वर्षानुवर्षं दोरीला लटकून होते. त्या सगळ्यांची सुटका रोहिणखेडला होती. साक्षीदार म्हणून मला घेऊन ते एस.टी.ने निघाले.

दुकानामागच्या खोलीत जमिनीपासून चौकटीपर्यंत कॉमिक रचलेली होती. प्रत्येक गठ्ठा कापडाच्या रंगीत काठाने बांधलेला. साडूंनी सवयीप्रमाणे ढिगाच्या पोटात हात घालून मधलाच एक गठ्ठा ओढला. तोही वरच्यासारखाच स्वच्छ निघाला. एवढा पट्टीचा दलाल, पण डोळे मिटायचं विसरला.

"हे एवढं कोण वाचे, चाचा?" साडूंनी विचारलं.

"माही घरवाली. तिचा भाऊ टेशनावर पुस्तकं इके. उरलेली बहिणीले आणून दे." चाचांनी एका गठ्ठ्याची गाठ सारखी केली. "मले अक्षर येत नाही. थे वाचे, मी चित्र पाहो. आता थे गेली. नुसतं ठेवलं तं वाळवी खाईन."

साडूंनी मान हलवली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या हातांवर पसरलं. गुरांच्या बाजारात आणि जुन्या दलालांत भाव असा ठरतो. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची, म्हणजे आकडा भोवतालच्यांना कळत नाही. साडूंना दुसरी रीत ठाऊक नव्हती, आणि चाचांनी जन्मभर गजाने मोजून एका भावात कापड विकलेलं. त्यांना ही रीत कुठून ठाऊक असणार? उपरणं थोडं हललं आणि मग हलायचं थांबलं. सौदा करताना साडूंचा चेहरा दगडासारखा असतो, त्या दिवशी तो गोंधळलेला दिसला.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"म्या बोटं दाबली," साडू माझ्या कानाशी म्हणाले, "अन् यायनं हात धरून ठेवला. सोडूनच नाही राह्यले. हा कोणता भाव म्हणायचा?"

तेवढ्यात चाचांनी दुसऱ्या हाताने कोनाड्यातलं एक कॉमिक काढलं. "भाऊ, हे गोष्ट अर्धी राह्यली होती. एवढी वाचून दाखवता काय? मंग सारं घेऊन जा."

साडू वाचायला बसले. त्यांचं हिंदी कापूसबाजारातलं. त्यांच्या तोंडून राक्षस राजपुत्राला "काऊन आया बे इधर?" असं विचारू लागला, आणि चाचा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. गोष्ट संपली. चाचांनी पुढचा अंक स्वतःच गठ्ठ्यातून सोडून समोर ठेवला. साडूंनी एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा चाचांकडे, आणि तोही वाचला. आम्ही रिकाम्या हाताने परत आलो.

त्यानंतर कापूसबाजार बंद असला की साडू रोहिणखेडला. खोली रिकामी करायची म्हणून चाचांचा पुतण्या ट्रक घेऊन या म्हणत होता, पण साडू एक गठ्ठासुद्धा हलवू देईनात. घरी मेव्हणी विचारी, सौदा झाला का? उत्तर ठरलेलं: "चालू आहे." कितीतरी वर्षं तो सौदा चालूच राहिला. दोरीला लटकलेले राजपुत्र एकेक करून खाली उतरले, आणि ते कसे उतरले हे साडूंना चाचांच्या शेजारी बसूनच कळलं. मी त्यांची पुष्कळ थट्टा केली, पण खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटे.

मग चाचा गेले. पुतण्याने सगळा ढीग ट्रकने पाठवून दिला. साडू पैसे घेऊन धावले, तर तो म्हणाला, "चाचा पैशाले नाही म्हणून गेले." भाव न करता आलेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिला ढीग. तो त्यांनी इतर ढिगांत मिसळला नाही. मेव्हणीनेही न बोलता त्याच्यासाठी माजघर मोकळं करून दिलं.

परवा दुपारी मी गेलो तेव्हा ते तिथेच बसून मोठ्याने वाचत होते. मीही त्यांच्या उजव्या बाजूला टेकलो. राक्षस पूर्वीसारखाच वऱ्हाडी बोलत होता, फक्त आवाज थोडा बसला होता. पानावरचा मजकूर संपला तरी साडूंनी पान उलटलं नाही. पुस्तक त्यांनी जरा डावीकडे कलतं धरलं. त्यांच्या डावीकडे कोणी नव्हतं.

"काऊन थांबले?" मी विचारलं.

"चित्र पाह्याले वेळ लागते त्यायले," ते म्हणाले.

आणखी थोडा वेळ त्यांनी पुस्तक तसंच धरलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "झालं?" आणि पान उलटलं.