शिट्टीवाले बाबा

नव्वद-एक्क्याण्णवचा मे महिना असेल. वज्रेश्वरीला आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेमागच्या मोकळ्या जागेत एका गृहस्थांनी तंबू ठोकला होता. ते भिवंडीत कारकून होते. बायकोला माहेरी पाठवून तिन्ही मुलांना घेऊन ते एकटेच आठवडाभर राहायला आले होते. गळ्यात शिट्टी, हातात वर्तमानपत्र. शिट्टी एकदा वाजली की थोरली मुलगी चहा आणायची, दोनदा वाजली की धाकट्या भावांना आंघोळ घालायची. ती असेल बारा वर्षांची.

"मुलांना स्वावलंबन शिकवतोय," ते मला म्हणाले. स्वतःला मात्र त्यांनी त्या शिक्षणातून वगळलं होतं.

एकदा धाकटा गरम पाण्याच्या कुंडात घसरला. बाबांनी काठावरून जोरात शिट्टी वाजवली. मुलीनं फ्रॉकसकट उतरून त्याला ओढून काढलं. तिच्या पोटऱ्या लालबुंद झाल्या, तेव्हा मीच तिला खोबरेल लावलं.

परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. "बायका उगाच बाऊ करतात हो. मी एकट्यानं सांभाळली की नाही मुलं?"

भिवंडी आली. मुलीनं आधी भावांना खाली उतरवलं, मग वळकटी उतरवली आणि पुन्हा वर येऊन म्हणाली, "बाबा, उठा आता. चपला घाला."