मुंबई ते आसगाव : सव्वा तास आणि काही मंगलाष्टके

विमानात बसल्यावर हवाई सुंदरीने गोळ्यांचा ट्रे पुढे केला. सफारी घातलेल्या मंडळींनी लिमलेटची गोळी अशा गांभीर्याने उचलली, की मला देवळातले तीर्थ आठवले. त्र्याऐंशीचा उन्हाळा. आसगावला संध्याकाळी माझ्या भाचीचे, कुंदाचे लग्न होते. शेवटच्या मंगलाष्टकाआधी मामाने नवरीच्या पाठीशी उभे राहायचे असते, आणि तिला मामा मी एकटाच. आदल्या दिवसाची रजा मिळेना, म्हणून विमान. ‘मुंबई ते नागपूर सव्वा तास’ असे मी मेव्हण्यांना ऐटीत कळवले होते.

विमान शब्दाला जागले. नंतर एस.टी.ने भंडाऱ्यापर्यंतच त्याहून जास्त वेळ घेतला. तिथे गाडी बदलली, वैनगंगा ओलांडली आणि कारध्याला टायर बसले.

नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त होती. वाळूत डांगराचे (कलिंगडाचे) वेल. मासोळ्यांची रिकामी टोपली घेऊन बसलेल्या एका ढिवरीण बाईने माझ्या बॅगेची रंगीत चिठ्ठी न्याहाळली.

“हे कायचं गा भाऊ?”

“विमानाचं. मुंबईहून विमानानं आलो.”

“मंग अथी कायले बसून राहिले?”

“टायर बसलं ना, बाई.”

“काल रेल्वेनं निंगाले असते, त आतावरी जेवून झोपले असते.” एवढे बोलून तिने डांगर दगडावर फोडले आणि अर्धे मला दिले.

आसगावच्या फाट्यावर ऊन कलले होते. एरवी तिथे मेव्हण्यांची दमनी (बैलांची हलकी गाडी) उभी असायची. आज नव्हती. नवे बूट हातात घेऊन मी धानाच्या कोरड्या बांध्यांतून (भातखाचरांतून) धावत सुटलो. लांबून मंगलाष्टके ऐकू येत होती. प्रत्येक ‘सावधान’ शेवटचे वाटे, आणि मग दुसराच कोणी सूर लावी. भटजींचा आवाज संपला, शाळेच्या गुरुजींचा संपला. मांडवात शिरलो तेव्हा शेजारची एक म्हातारी जात्यावरच्या चालीत गात होती.

मी कुंदाच्या मागे उभा राहिलो. तिने मान वळवली नाही.

“मामा, आला का तू?”

“आलो.”

घसा बसलेल्या भटजींनी शेवटचे मंगलाष्टक उरकले. घामेजल्या मुठींत अक्षतांचे गोळे झाले होते. ते नवरदेवाच्या फेट्यावर टपटप आपटले.

पंगतीत मी मेव्हण्यांना विचारले, “दमनी का नाही पाठवली?”

“विमानवाल्याले बैलगाडी कशी पाठवाव, भाऊ? मलेच लाज वाटली.”

परतीला मात्र त्यांनी दमनी जुंपली, आणि मी रेल्वेने मुंबईला आलो. बॅगेच्या तळाशी पिवळे तांदूळ निघाले.

आता मेव्हणे नाहीत, दमनीही नाही. आसगाव मुंबईपासून किती लांब, असे कोणी विचारले तर मी सव्वा तास सांगत नाही. उशीर झाला तरी तिथे कोणीतरी गात थांबे, एवढ्या अंतरावर ते होते.