पोरीच्या पोटाला टाके नकोत

मी सहावीत होते. पोळ्याच्या आसपास माझं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीभोवती, मग उजवीकडे खाली. आमचं गाव नरखेड तालुक्यातलं, चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा. गावातल्या कंपाउंडरने गोळ्या दिल्या, त्या मी ओकून टाकल्या. काही दिवसांनी मी कमरेत वाकून चालायला लागले, तेव्हा आईबाबांनी मला एसटीने नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"अपेंडिक्स आहे," ते बाबांना म्हणाले. "सुजून गोळा झालाय. आता चाकू लावला तर आतलं सगळं पसरेल. हा गोळा आधी औषधांनी जिरवू. पण दिवाळी झाली की हिला परत आणा, तेव्हा काढून टाकू. दुखणं थांबलं म्हणून घरी बसू नका. हे पुन्हा उलटतं."

मला तोंडाने काही द्यायचं नव्हतं. हाताला सलाइन, दोन्ही कुल्ल्यांवर सुया. आई ओल्या फडक्याने माझे ओठ पुसत राहायची. गोळा खरंच जिरला. मी चालत घरी आले.

दिवाळी झाली तसं आईने नागपूरचं काढलं. तेव्हा आमच्याकडे आत्या होती. बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याच घरी. बाबा तिच्या शब्दाबाहेर जात नसत.

"काहून नेतं तिले?" आत्या बाबांना म्हणाली. "पोर चांगली खेळून राहिली. पोटाले टाके पडले तर उद्या कोण करन तिले? लोकं म्हणतीन, पोरीत काहीतरी खोट आहे."

"डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं," आई म्हणाली.

"डॉक्टरले काय, त्याले कापाचंच राहते."

बाबा जेवत होते. हात धुताना म्हणाले, "पाहू. दुखलं त नेऊ."

आईने नंतर दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी बाबा ओरडले, तेव्हापासून ती गप्प झाली. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं. ऑपरेशनची मला फार भीती वाटायची.

फाल्गुनात संत्र्याच्या मृग बहाराची तोड चालू असताना पोट पुन्हा दुखलं. बाबा दिवसभर बागेत, व्यापाऱ्याची माणसं आलेली. आत्या म्हणाली, पोट साफ झालं नाही, आणि तिने मला एरंडेल पाजलं. आईने तिचा हात धरला होता. आत्याने तो झटकला.

मी सबंध सकाळ जमिनीवर लोळत होते. दुपारी एकाएकी दुखणं थांबलं. इतकं थांबलं की मी आईकडे पाणी मागितलं. "पाह्य, उतार पडला," असं म्हणत आत्याने देवापुढे हात जोडले. आईही रडता रडता हसली. त्या थोड्या वेळात आमच्या घरात जो आनंद होता तो मला अजून सहन होत नाही. आत अपेंडिक्स फुटलं होतं, आणि आम्हाला वाटलं मी बरी झाले.

दिवस कलायच्या आत पोट पाटीसारखं कडक झालं. अंगात ताप, डोळ्यांपुढे अंधार. बाबा धावत आले. एसटी निघून गेली होती. संत्र्यांच्या पेट्या भरलेला ट्रक नागपूरला निघाला होता, त्यात ड्रायव्हरशेजारी आईच्या मांडीवर मला घातलं. प्रत्येक खड्ड्याला मी किंचाळत होते आणि बाबा ड्रायव्हरला एकदा "जोरात घे गा" म्हणत, एकदा "हळू घे गा".

डॉक्टर तेच होते. ते रागावलेसुद्धा नाहीत. "दिवाळीनंतर आणायला सांगितलं होतं ना," एवढंच म्हणाले आणि मला आत नेलं.

बेंबीपासून खालपर्यंत उभं कापलं. पोटातून रबरी नळी बाहेर काढलेली, तिच्यातून पू यायचा. त्याचा वास मला स्वतःला सोसवत नसे. उन्हाळा लागला तेव्हा मी घरी आले. सगळ्या गावाने म्हटलं, वाचली.

पुढे माझं लग्न झालं, नागपुरातच. टाक्यांबद्दल सोयरिकीच्या वेळी कोणी विचारलं नाही. नवऱ्याने पाहिलं तेव्हा फक्त म्हणाला, "खूप दुखलं असेल."

पण मूल होईना. बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयात औषध सोडून पोटाचा फोटो काढला. "गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या चिकटून बंद झाल्यात," त्या म्हणाल्या. "लहानपणी पोटात पू झाला होता का?"

मी हो म्हटलं. "त्यानेच हे झालंय," त्या म्हणाल्या.

नवरा वाईट नव्हता, घरच्यांपुढे त्याचं चालत नव्हतं इतकंच. "काही दिवस माहेरी जाऊन ये," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. त्याच्यासाठी दुसरी मुलगी पाहून झाली होती हे मला आधीच कळलं होतं.

मला न्यायला बाबा आले. स्टँडवर बस लागलेली होती. आम्ही आत जाऊन बसलो. बाबा एकदम म्हणाले, "मले वाटलं, टाके नाही पडले त तुह्यं चांगलं होईन. तुह्याचसाठी केलं वं बाई."

हे खरं होतं. ते खोटं असतं तर मला त्यांच्यावर नीट चिडता तरी आलं असतं. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी काहीतरी म्हणावं एवढंच त्यांना हवं होतं. मला एक शब्द सापडला नाही. शेवटी ते दुसरीकडे वळले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. मी त्याच घरात होते, त्यांना रोज जेवायला वाढत होते. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही.