शिंकेआधीची शांतता

शिंक येण्याआधी एक विलक्षण शांतता असते. माझ्या लेकीचा, मयूरीचा, चेहरा त्या क्षणी अगदी रिता होतो. डोळे अर्धे मिटतात, ओठ विलगतात, आणि जमिनीखालून दुरून येणारं काहीतरी ती कान देऊन ऐकते आहे असं वाटून माझ्या अंगावर काटा येतो. मग एकामागून एक शिंका सुरू होतात.

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लाससाठी ती लातूरला आली, तशी इतर आयांसारखी मीही तिच्यासोबत खोली करून राहिले. येताना भूकंपानंतर आमच्या गावानं धरलेली रीत घेऊन आले. निजताना उशाशी स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचायची. धरणी जराशी हलली तरी पेले खणखणतात आणि माणसं उघड्यावर पळतात. इतकी वर्षं लोटली, तरी छताखाली मला गाढ झोप म्हणून लागत नाही. भिंतींवरचा विश्वास एकदा ढासळला, की तो पुन्हा कुणी बांधून देतं का?

पण पहाटे घडायचं ते भलतंच. मयूरी शिंकायची, तिच्या खाटेच्या धक्क्यानं पेले खणखणायचे, आणि मी अर्धवट झोपेतच तिचा दंड धरून तिला मागच्या मोकळ्या प्लॉटवर ओढत न्यायचे. तिथं कमरेइतकं गाजरगवत पांढरं फुललेलं. त्याचे अदृश्य परागकण श्वासात घेत ती आणखीच शिंकायची, आणि मी मात्र वाचलो म्हणून हात जोडायचे! क्लासमध्ये ती पेंगू लागली, चाचण्यांत मागे पडली. परीक्षा तर तोंडावर आलेली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींत काही वैरी दिसताच हाकाटी करणाऱ्या असतात, काही त्या हाकाटीला आवर घालणाऱ्या. हिच्यात आवरणाऱ्या दुबळ्या पडल्या आहेत, म्हणून निरुपद्रवी परागालाही शत्रू समजून सारं शरीर पेटून उठतं. औषध देतो, पण गवतापासून दूर, दारं लावून निजू द्या, असं ते म्हणाले. हे ते तिच्या रक्ताविषयी बोलत होते, की माझ्याविषयी? दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो खरा. पण फुंकता फुंकताच जन्म सरला तर? मला फार भीती वाटली.

त्या संध्याकाळी मयूरी शांतपणे म्हणाली, "आई, ते पेले उचल. घर हललं तर मीच उठविते तुला. पन मला आत झोपू दे."

मी उतरंड मोडून पेले एकेक करून फळीवर ठेवले. मग दार लावलं.

पहाटे जाग आली तेव्हा खोलीत कसलाच आवाज नव्हता, आणि ती निःशब्दता इतकी दाट होती की मी धडपडत उठून बसले. भूकंपाच्या सकाळी दगडमातीतून काढलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या नाकापुढं मी कितीतरी वेळ बोटं धरून बसले होते. बोटांना काही लागलंच नव्हतं. आता तीच बोटं मयूरीच्या नाकापुढं धरली.

ऊन ऊन श्वास लागला. उजाडेपर्यंत मी हात काढला नाही.