धक्क्यावरची बाकं

खुर्ची दिसली की ते आधी ती उलटी करायचे. कुणाचीही असो, कुठेही असो. एका हाताने पाठ धरायची, गुडघा लावायचा आणि चारही पाय वर. मग चष्मा कपाळावर सरकवून खालून बघायचे, अंगठ्याने दाबायचे, नाक लावून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "पयलं पोट बघाचं साहेब. तोंड सगल्यांचंच बरं असतं."

बेलापूरच्या खाडीवरच्या दिवाळे गावातले होड्या बांधणारे मिस्त्री. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही, का ते पुढे कळेलच. साठीचे, काटक, खांद्यावर कायम एक विटका टॉवेल. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती खोलीत आली की आपलं शिक्षण, आपली नोकरी, आपली इस्त्रीची पँट सगळं उगाच वाटायला लागतं. तुम्हाला त्यांचं कौतुक वाटत असेल. मी जळायचो. उगाच गोड शब्द कशाला वापरू?

नव्वदनंतरची चार-पाच वर्षं असतील. बेलापूरला आमच्या सेक्टरला लागून एक तळं होतं. म्हणायला तळं, पण खाडीला जोडलेलं, त्यामुळे भरतीचं खारं पाणी आत यायचं. त्या तळ्यात वीसेक पावलं आत गेलेला सिमेंटचा धक्का होता. संध्याकाळी वारा असा सुटायचा की घरातले पंखे बंद करून लोक तिथे यायचे आणि बसायला काही नाही म्हणून उभ्यानेच गप्पा मारून परत जायचे. म्हणून रहिवाशांच्या समितीने ठरवलं, धक्क्यावर बाकं टाकायची. दहा-पंधरा वर्षं टिकतील अशी. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त मीच बोललो होतो.

मी वाशीच्या तीन दुकानांतून कॅटलॉग आणले. घरी मीटिंग ठेवली. बायकोने पोहे केले. माझ्या वडिलांनाही बाहेर बोलावून बसवलं, कारण मला ते हवे होते. अण्णा साताऱ्याकडे गणिताचे शिक्षक होते. आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले ते जवळजवळ मुकेच. सकाळी पेपर, दुपारी भिंत. आणि मुके नव्हते तेव्हाही त्यांनी मला कधी शाबास म्हटलेलं नाही. बोर्डात गणितात ब्याण्णव मिळाले तेव्हा आठ कुठे गेले ते विचारलं होतं. म्हटलं, बघू दे त्यांना, सेक्टरमध्ये आपल्या मुलाला काय मान आहे तो.

सेक्रेटरी येताना मिस्त्रींना घेऊन आले. धक्क्याच्या कडेच्या फळ्या तेच दुरुस्त करत होते, म्हणून. मिस्त्री दारात चपला काढून आत आले, डायनिंग टेबलाजवळ गेले आणि माझी खुर्ची उलटी केली. शिसम म्हणून हौसेने घेतलेली खुर्ची! अंगठा फिरवला आणि शांतपणे सांगितलं की वरचं पॉलिश शिसमचं आहे, आतलं लाकूड पेटीचं आहे. बघितलं तर खरंच, खालच्या पट्टीवर अर्धवट पुसलेला छाप होता. कसल्यातरी मोटारीच्या सुट्या भागांच्या खोक्याचा.

आणि अण्णा हसले. आमच्याकडे आल्यापासूनच्या नऊ महिन्यांत पहिल्यांदा. पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मिस्त्रींना म्हणाले, "या, इथे माझ्याजवळ बसा." माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढे मी आणि मिस्त्री वाशीला बाकं बघायला गेलो. त्या एअरकंडिशन्ड दुकानात हा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून एकेक बाक पालथं घालत चाललेला, आणि सेल्समनचा चेहरा असा की आत्ता वॉचमनला बोलावतो. मी चार पावलं मागे राहिलो, आपण याच्याबरोबरचे नाही असं दाखवत. पण गंमत बघा, अर्ध्या तासाने तोच सेल्समन त्यांना कोपऱ्यात नेऊन विचारत होता की घरातलं कपाट पावसात फुगतं, काय करू. मिस्त्रींनी त्याला नीट समजावलं. प्लास्टिकच्या खुर्चीलाही त्यांनी नावं ठेवली नाहीत. हलकी आहे, बिचारी, पण उन्हात तिची पापडी होईल, एवढंच म्हणाले. मला ओतीव लोखंडी बाक पसंत होतं, हातांवर वेलबुट्टी असलेलं. त्याच्यावर त्यांनी नुसता हात फिरवला आणि गप्प राहिले. ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. प्रत्येक मालाचा हातभर तुकडा आणा. माझ्या वॉटरप्रूफ प्लायचा, लोखंडाच्या पट्टीचा, दुकानातल्या नव्या सागाचा. त्यात त्यांनी आपल्याकडचा एक काळपट तुकडा घातला, मोडीत काढलेल्या होडीच्या फळीचा. सगळे दोरीला ओवले आणि दिवाळ्याच्या खाडीत लोंबकळत सोडले.

"दोन उधानं जाऊ द्या," म्हणाले. "मंग बोला."

दोन उधाणं म्हणजे एक अमावस्येचं, एक पौर्णिमेचं, म्हणजे महिना. समिती चुळबुळायला लागली. पण थांबली, कारण आता सगळे त्यांच्याच शब्दावर चालत होते. महिन्याने दोरी वर काढली. माझ्या प्लायचे खारी बिस्किटासारखे थर सुटले होते. लोखंडावरचा रंग फुगून त्याखाली गंज धरला होता. नवा साग जरा वाकला होता. होडीची फळी मात्र होती तशी होती. मिस्त्रींनी फुशारकी मारली असती तर मला बरं वाटलं असतं, राग तरी काढता आला असता. ते म्हणाले, ती फळी आधीच तीस वर्षं खारं पाणी पिऊन बसली आहे, आता अजून काय पिणार.

जुन्या होडीच्या फळ्यांची सहा बाकं करायची ठरलं. काम धक्क्यावरच सुरू झालं आणि अण्णांचा दिनक्रम बदलला. सकाळी आंघोळ उरकून, पेपर काखेत मारून ते धक्क्यावर. दुपारी जेवायला हाका माराव्या लागायच्या. मिस्त्री त्यांना गुरुजी म्हणायचे. बाकाच्या पाठीचा कोन किती ठेवायचा यावर दोघांची चर्चा चालायची. एक कागदावर आकडे मांडायचा, दुसरा अण्णांनाच फळीला टेकून बसवून खडूने रेघ मारायचा. दोघांचं उत्तर एकच आलं, त्या दिवशी अण्णा जेवताना दोन पोळ्या जास्त जेवले. आणि म्हणाले, "काम कळतं त्या माणसाला. अशी माणसं फार थोडी असतात."

मी वरण ओतून घेत होतो. चाळीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य या घरात बोललं गेलं आणि ते दुसऱ्यासाठी होतं. बायकोला नंतर म्हटलं तर ती म्हणाली, अहो, अण्णा बोलायला लागले हे बघा ना. तिचं बरोबर होतं. पण पोटात दुखतं तेव्हा बरोबर काय त्याचा काय उपयोग?

बाकं तयार झाली. तांब्याचे खिळे, कडा गोल घासलेल्या, पाणी निथळायला फळ्यांत बोटभर फट. एके सकाळी कामावर जाताना मिस्त्रींनी मला धक्क्यावर थांबवलं. हातात डबा होता, आणि त्यातून येणारा वास सांगता सोय नाही.

"मुशीचं तेल हाय साहेब," ते म्हणाले. "होडीला पाजतो तेच. तीन हात पाजनार. वास येल, पन आठ-दहा दिस ऊन खाल्लं का जाल. तोवर कोनाला बसू देव नका. आनि तुमच्या लोकांना आदी सांगून ठेवा."

मुशी म्हणजे मासा. त्यांच्या जन्मात तेल न पाजलेली होडी कुणी पाण्यात सोडली नव्हती, त्यामुळे ते लावायचं की नाही हा प्रश्नच त्यांना पडला नाही. आमच्या समितीत मात्र निम्मी घरं शाकाहारी होती. अंड्याचा ट्रे जिन्यातून नेला तरी नाक मुरडणारी. रविवारी बाकांचं उद्घाटन ठरलेलं होतं, पाच दिवसांवर. मला त्या क्षणी सगळं दिसलं, काय काय होणार ते. मी म्हटलं, "सांगतो."

दोन हातांच्या अंतरावर अण्णा पेपर वाचत बसले होते.

मी कुणालाही सांगितलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं, पण विसरलो नव्हतो. पाचही दिवस ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं आणि मी ते गिळत होतो.

रविवारी संध्याकाळी बायका जरीच्या साड्या नेसून आल्या. सेक्रेटरींनी नारळ फोडला, टाळ्या झाल्या, मंडळी बसली. आणि मग एकेक जण उठायला लागला. साड्यांना तेल लागलं, वास चढला, कुठून कुठून सात-आठ मांजरं येऊन बाकांचे पाय चाटायला लागली. एका आजींना समजलं की हे माशाचं तेल आहे, तशा त्या रडायलाच लागल्या. उपास होता त्यांचा. सेक्रेटरींनी आधी मिस्त्रींना बोलावून झापलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं की मला हे माहीत होतं का.

"नाही," मी म्हटलं. "मला कुणी काही सांगितलं नाही."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग अण्णांकडे बघितलं, जरा जास्त वेळ. मग टॉवेलने हात पुसत म्हणाले, "नाय सांगलं. माजं चुकलं."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आणून ते सहाही बाकं घेऊन गेले. जाताना मला हात जोडले. त्या हात जोडण्यात टोमणा असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

घरी मी वाट बघत होतो, अण्णा आता बोलतील. मुलांना खोट्यासाठी बाकावर उभं करणारा माणूस. पण त्यांनी ताक मागितलं, प्यायले आणि झोपायला गेले. धक्क्यावर माझी वेलबुट्टीची लोखंडी बाकं आली. पहिल्याच पावसाळ्यात वेलबुट्टीतून गंजाचे ओघळ यायला लागले. दरवर्षी मीच ती रविवारी रंगवत बसायचो. अण्णा त्या बाकांवर एकदाही बसले नाहीत. दुपारची बस धरून ते कुठेतरी फिरून येत. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अशी दोन वर्षं गेली.

मग एकदा ते संध्याकाळ झाली तरी परत आले नाहीत. ऑफिसातून धावत आलो, स्टॉपवर चौकशी केली. पानवाला म्हणाला, टेन्शन घेऊ नका, गुरुजी रोज दिवाळ्याच्या बसने जातात, आजही गेलेत.

दिवाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या लागलेल्या होत्या, बांबूंवर बोंबील वाळत होते. पाण्याकडे तोंड करून ती सहा बाकं ओळीने मांडलेली. पाच बाकांवर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. सहाव्या बाकाच्या एका टोकाला अण्णा. टोपलीवालीला मी मिस्त्रींचं विचारलं. ती म्हणाली, बाबा गेले, आज बारावा झाला, गुरुजी सकाळपासून इथेच हायत.

मी जवळ गेलो. बाकाच्या फळ्या काळ्याभोर, गुळगुळीत झाल्या होत्या. वास म्हणाल तर खाडीचा होता, तेलाचा नव्हता. दोन वर्षं तोंडात धरून ठेवलेलं तिथे बाहेर आलं. म्हटलं, "अण्णा, त्यांनी मला सांगितलं होतं."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "मी पेपर वाचत होतो, बहिरा नव्हतो." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "विचारायचे तुझं. साहेब बरे हायत का म्हणून. रोज विचारायचे. एकदा यायचंस."

बाकाचं दुसरं टोक रिकामं होतं, तिथे बसायला वाकलो, तर अण्णांनी हात आडवा धरला.

"तिथे नको," म्हणाले.

खरं सांगतो, मिस्त्रींच्या त्या रिकाम्या जागेवरही मी जळलो. आणि शेवटची बस येईपर्यंत त्यांच्याशेजारी उभा राहिलो.