चूळ भरायला बंदी
देवरुखजवळच्या डोंगरातल्या एका वाडीत मावशीचे सासर. तिथली बाव, म्हणजे विहीर, पूर्वी मे संपताना तळ दाखवायची. दोन हजार सालाच्या आसपास पाऊस लवकर आटोपू लागला, ऊन फेब्रुवारीतच भाजू लागले आणि बाव शिमग्यालाच आटू लागली. वाडीने नियम केला: घरटी दिवसाला दोन हंडे, आणि बावीच्या पाण्याने चूळ भरायची नाही. बायका मिश्री लावत, थुंकत आणि पदराने दात पुसत. उरलेली मिश्री हिरड्यांतच राहायची.

एप्रिलमध्ये मावशीची दाढ सुजली. सुजलेल्या गालामुळे डोळा मिटला. देवरुखच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मिठाच्या पाण्याने दिवसातून चार वेळा चुळा भरायला सांगितले. नाहीतर पू गळ्यात उतरेल, असेही सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर बावीवर होतो. तळाशी उतरलेल्या दोघी करवंटीने पाणी खरवडून हंडे भरत होत्या. मावशीचा हंडा वर आला. तिने पदराच्या गाठीतले मीठ तोंडात टाकले, ओंजळभर पाणी घेतले आणि कातळावर थुंकली.

थोरली जाऊ मागेच होती. "थुकलीस? माझ्या पोरांना पेजेला पानी नाय, नि तू थुकतेस?"

"जाऊबाय, दाढ सडलीय. डॉक्टरनं सांगितलंय."

"मग डॉक्टरच्या बावीवर जा गो!"

रांगेत हसू पसरले. मावशीने पुन्हा ओंजळ बुडवली. जावेने रिकामी कळशी उचलून तिच्या तोंडावर मारली. दुसऱ्या फटक्याला समोरचे दोन दात कातळावर पडले. मावशीने तिचे केस धरले आणि डोके कठड्यावर आपटले. कपाळ फुटले. झटापटीत हंडा लवंडला, तेव्हा बाकीच्या बायका धावल्या. भांडणाऱ्यांकडे कोणी गेले नाही. खळग्यात साचलेले पाणी त्यांनी पदराने टिपून हंड्यात पिळले. त्यात रक्त होते.

दुपारच्या एसटीने मी मावशीला देवरुखला नेले. पडलेले दात धडधाकट होते. किडलेली दाढ जागेवरच होती. मारामुळे दाढेखालचे गळू फुटले होते, म्हणून डॉक्टरांनी ती लगेच उपटली. कापूस लावण्याआधी त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. "चूळ भरा आणि इथे थुंका."

मावशीने पेला दोन्ही हातांनी धरला आणि दाराकडे पाहिले. पाणी तोंडात फिरवले आणि रक्तासकट गिळले. डॉक्टर थांबवत होते. तिने पेला संपवला.